डिचोलीचा बिशप आणि वर्णाचा प्रश्न

गोमंतकाच्या इतिहासावर लिहिणारे अनेक लेखक मातेउस द काश्त्रु यांच्यापाशी आले की, दोन-तीन वाक्यांत त्यांना पहिला गोमंतकीय बंडखोर अशी पदवी बहाल करतात आणि तेथून तडक १७८७ च्या पिंटोंच्या कटाकडे वळतात. पदवी दिली की वाचन संपते, हा आपल्याकडचा जुना रोग आहे. वास्तविक मातेउस हे केवळ बंडखोर नव्हते, ते लेखकही होते; आणि त्यांनी जे लिहिले त्याचा विषय आजही निकालात निघालेला नाही. एकाच देवाची लेकरे म्हणून जेथे सर्वांना बोलावले जाते, तेथे माणसाचा रंग आणि त्याचे कूळ यांचे काय होते, हा तो विषय. डिचोली तालुक्यातील वाचकाने तर तो परका मानण्याचे काहीच कारण नाही, कारण या वादातील एक महत्त्वाचे ठाणे डिचोलीच होते. सर्वणहून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, सतराव्या शतकात, रोमने नेमलेला एक गोमंतकीय बिशप राहत होता, ही गोष्ट आपल्यापैकी कितीजणांच्या वाचनात आली असेल?

आपल्या भाषेत 'वर्ण' हा शब्द रंगालाही लागतो आणि चातुर्वर्ण्यातील स्थानालाही लागतो. युरोपीय भाषांत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे तिकडच्या अभ्यासकांना वंशभेद आणि जातिभेद हे दोन प्रश्न वेगवेगळ्या खणांत ठेवता येतात. आपल्याला ती सोय नाही, आणि मला वाटते हे एका परीने बरेच झाले. पुढे ज्या लेखकांचा विचार करायचा आहे, त्यांपैकी प्रत्येकाने या शब्दाच्या एका अर्थाने झालेली जखम दाखवली आहे. प्रश्न एवढाच, की दुसऱ्या अर्थाने आपण कोणाला जखम करतो आहोत हे त्यांच्या लेखनात कितपत दिसते. या लेखात मी त्यांना याच कसोटीवर वाचणार आहे.

मातेउस यांचा जन्म १५९४ च्या सुमारास दिवाडी बेटावर, बाप्तिस्मा घेतलेल्या ब्राह्मण कुटुंबात झाला. बारदेसच्या रेइस मागुश येथील फ्रान्सिस्कनांच्या विद्यालयात ते शिकले. पाद्री व्हावे ही त्यांची इच्छा गोव्याच्या आर्चबिशपांनी मान्य केली नाही. त्या काळी स्थानिक पाद्री मुळीच नव्हते असे नाही. पण त्यांना मिळायची ती बहुधा दुय्यम कामे, आणि युरोपीय धर्मसंघांची दारे तर भारतीयांना बंदच होती. मातेउस यांनी अर्ज-विनंत्यांत आयुष्य न घालवता खुष्कीची वाट धरली आणि १६२५ मध्ये रोम गाठले. तेथे तीनच वर्षांपूर्वी, १६२२ मध्ये, प्रोपागांडा फीदे ही धर्मप्रसाराची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली होती. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चवर जो अधिकार होता, ज्याला पाद्रुआदो म्हणत, तो या संस्थेच्या डोळ्यांत सलत होता. राजाच्या मर्जीवर अवलंबून नसलेले स्थानिक धर्मगुरू तिला हवेच होते. म्हणजे मातेउस यांच्या गुणवत्तेला रोममध्ये जो आदर मिळाला, त्यात न्यायबुद्धीचा वाटा किती आणि राजकारणाचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. त्यांना गुरुदीक्षा मिळाली, आणि पुढे १६३७ मध्ये रोममध्येच गुप्तपणे बिशपपदाची दीक्षाही मिळाली. विजापूरच्या आदिलशाही मुलुखासाठी व्हिकार अपोस्टोलिक, म्हणजे थेट पोपचा प्रतिनिधी, अशी त्यांची नेमणूक झाली.

गोव्यात परतल्यावर त्यांची अधिकारपत्रे मानायला तेथील सत्ताधारी तयार होईनात. तेव्हा त्यांनी आपले बिऱ्हाड पोर्तुगीज हद्दीबाहेर, आदिलशाहीत असलेल्या डिचोलीत थाटले. येथे एका गोष्टीची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्यांच्या आधी सुमारे शतकभर दिवाडीवरचा सप्तकोटेश्वर याच मांडवीच्या पाण्यावरून या बाजूला आला होता. देऊळ मोडल्यावर भक्तांनी देवाला नार्वे येथे आणले, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तेथील देवळाचा जीर्णोद्धार करविला. देवाने ज्या बेटावरून ज्या तीरावर आश्रय घेतला, त्याच बेटावरून त्याच बाजूला ख्रिस्ती बिशपाने आश्रय घ्यावा, ही इतिहासातली मोठी चमत्कारिक गोष्ट आहे. नार्व्याचा इतिहास आपल्याकडे शाळकरी मुलालाही सांगितला जातो. डिचोलीच्या बिशपाचा मात्र सांगितला जात नाही. त्याचे कारण उघड आहे: हिंदू वाचकाला तो बाटलेल्यांचा घरगुती वाद वाटतो, आणि ख्रिस्ती वाचकाला चर्चची अडचण. दोघांनीही आपापल्या सोयीसाठी त्याला उंबऱ्याबाहेर ठेवले.

या माणसाला सोसावे लागले ते थोडेथोडके नव्हते. इथिओपियातून हद्दपार होऊन गोव्यात राहिलेले जेझुइट पॅट्रिआर्क आफोन्सु मेन्दिश यांनी त्यांचा उल्लेख त्वचेच्या रंगावरून ज्या हीन शब्दांत केला, ते शब्द येथे उतरवण्याजोगे नाहीत. हा अपमान करणारा कोणी उनाड शिपाई नव्हता, वेदीपुढे उभा राहणारा धर्माधिकारी होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. 'पोर्तुगीज साम्राज्यात वर्णभेद कधीच नव्हता' हा सालाझार राजवटीचा आवडता दावा इतिहासकार चार्ल्स बॉक्सर यांनी १९६३ मध्ये पुस्तकरूपाने खोडून काढला, तेव्हा गोव्यातील स्थानिक पाद्र्यांना मिळालेली वागणूक हा त्यांच्या पुराव्यातला एक ठळक भाग होता. गोवा मुक्त होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. लिस्बनमध्ये या पुस्तकाने संतापाची लाट उठली, ती उगाच नव्हे.

१६५३ मध्ये मातेउस यांनी पोर्तुगीज भाषेत एक पत्ररूप प्रबंध लिहिला. 'ब्राह्मणांचा आरसा' असा त्याच्या नावाचा अर्थ. हस्तलिखित रूपाने तो गोव्यात फिरला. पोर्तुगीजांचा आणि धर्मसंघांचा जाच, स्थानिक ख्रिस्ती लोकांची त्यांच्या हातून होणारी मानहानी, आणि हे सहन करीत राहणाऱ्या आपल्या लोकांचा मिंधेपणा, असा त्याचा रोख आहे. पुढल्याच वर्षी विजापूरच्या फौजा पोर्तुगीज मुलुखात शिरल्या, तेव्हा त्यामागे डिचोलीच्या बिशपाची फूस असल्याचा आरोप झाला. अखेरीस ते रोमला गेले ते परतले नाहीत. १६७७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

या प्रबंधाची थोरवी मला मान्य आहे. श्रद्धा सोडून बंड करणारे पुष्कळ सापडतील; श्रद्धा न सोडता, किंबहुना श्रद्धेच्याच बळावर, धर्मसत्तेपुढे उभा राहणारा माणूस विरळा. मातेउस यांनी ख्रिस्ताला पोर्तुगीजांपासून वेगळे काढले. देव तुमचा असेल, पण तो तुमच्या रंगाचा नाही, हे त्यांच्या साऱ्या धडपडीचे सार आहे. सतराव्या शतकातील वसाहतीत एवढे म्हणणे हीच मोठी झेप होती.

परंतु आरशाला चौकट असते. या प्रबंधाचे नावच पाहावे. तो गोमंतकीय ख्रिस्ती लोकांचा आरसा नाही. ब्राह्मणांचा आरसा आहे. ज्यांना उद्देशून तो लिहिला, त्यांची मूळची प्रतिष्ठा परक्यांनी हिरावली, हे त्यातले दुःख. चारडो, सुदीर आणि त्यांच्याही पलीकडे गावकुसाला राहणारे जे लोक त्याच बाप्तिस्म्याच्या पाण्याने ख्रिस्ती झाले होते, त्यांना या आरशात आपले तोंड दिसण्याची सोय नव्हती. गोऱ्या धर्मगुरूने आपल्याला खालच्या पायरीवर बसवले याची चीड मातेउस यांना आहे. पायऱ्याच का असाव्यात, असा त्यांचा प्रश्न नाही. म्हणून त्यांना आद्य राष्ट्रवादी म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. राष्ट्र या कल्पनेत जी माणसे गृहीत धरावी लागतात, ती त्यांच्या श्रोतृवर्गात नव्हती. त्या काळात ती कोणाच्याच श्रोतृवर्गात नव्हती, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. पण मग राष्ट्रवादाचे बिरुदही त्या काळावर लादू नये.

हा आक्षेप आजच्या दृष्टीने मागाहून चिकटवलेला नाही, हे पुढच्या पन्नास वर्षांतील पुस्तकांवरून स्पष्ट होते. १७०२ मध्ये लिस्बन येथे आंतोनियु जुआंव द फ्रियश या गोमंतकीय पाद्र्याने ब्राह्मणांच्या कुलीनतेचे मंडन करणारा ग्रंथ छापला. येशूच्या जन्मवेळी बेथलेहेमला आलेल्या तीन राजांपैकी एकाशी ब्राह्मणांचे नाते जोडून देण्यापर्यंत त्याची मजल गेली. अकरा वर्षांनी, १७१३ मध्ये, लिओनार्दु पाइश यांचा ग्रंथ त्याच शहरातून निघाला. त्यांचा कैवार चारडोंचा: खरे राजकुळ ते आमचे, असा त्यांचा दावा. पाइश यांच्याच पक्षाचे जुआंव द कुन्य जाकिश यांनी तर ब्राह्मण्याला बायबलमधील गोलियाथ राक्षस ठरवून त्याच्यावर दाविदाची तलवार उपसली. बायबल आणि पुराणे यांची अशी सरमिसळ करून दोन ख्रिस्ती जातींनी पोर्तुगीज भाषेत, पोर्तुगीज राजाच्या दरबारी एकमेकांवर फिर्याद करावी, हे दृश्य करुणही आहे आणि विनोदीही. बेथलेहेमच्या गोठ्यापर्यंत वंशावळ नेणाऱ्यांना, त्या गोठ्यात सर्वांत आधी पोहोचले ते मेंढपाळ होते याची आठवण राहिली नाही.

व्यवहारात याचे प्रतिबिंब पडलेच होते. १६८५ मध्ये जुजे वाझ यांच्या नेतृत्वाखाली जुन्या गोव्यात स्थानिक पाद्र्यांचे ओरेटरी उभे राहिले. भारतीयांना युरोपीय संघांत जागा नसताना त्यांनी स्वतःचा संघ काढावा, ही खरोखर अभिमानाची गोष्ट. याच संघाच्या पाद्र्यांनी डचांच्या अमलाखालील श्रीलंकेत जिवावर उदार होऊन काम केले, आणि स्वतः वाझ यांना २०१५ च्या जानेवारीत कोलंबो येथे संतपद देण्यात आले. पण या संघात प्रवेश मिळे तो ब्राह्मणांना. चारडोंनी मग चिंबल येथील कार्मेलाइट संघाचा आश्रय केला. पुढे कितीतरी गावांत चर्चच्या कोंफ्रारिया, म्हणजे उत्सव-सेवेची मंडळे, जातीप्रमाणे वेगळी राहिली आणि मिरवणुकीतल्या मानापानावरून भांडणे कोर्टकचेऱ्यांपर्यंत गेली. देवळातील महाजनकीचे वाद पाहिलेल्या डिचोली-पेडण्याच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही.

१७६१ मध्ये पोम्बालच्या कारकिर्दीत लिस्बनने फर्मान काढले की पूर्वेकडील बाप्तिस्मा घेतलेल्या प्रजाजनांना पोर्तुगालात जन्मलेल्यांचेच हक्क आहेत, आणि त्यांना रंगावरून हिणवणाऱ्यास शिक्षा होईल. कायद्याने शिवी बंद करावी लागते, यावरून ती किती सर्रास दिली जात असेल हे कळते. त्या फर्मानाची गोव्यात कशीबशी अंमलबजावणी सुरू व्हायला आणखी तेरा वर्षे जावी लागली. कांदोळीच्या पिंटोंच्या घराशी निगडित असलेला १७८७ चा कट हा या रखडलेल्या समतेचाच परिपाक होता. त्याचे दोन प्रमुख, कायेतानु फ्रान्सिश्कु द कोउतु आणि जुजे आंतोनियु गोंसाल्विश, हे पाद्री होते. आणि लायक असूनही वरच्या जागा नाकारल्या गेल्याची सल घेऊन ते लिस्बनहून परतले होते.

कादंबरीच्या रूपाने हा विषय आला तो १८६६ मध्ये, फ्रान्सिश्कु लुइश गोमिश यांच्या 'ब्राह्मण' या अर्थाच्या नावाने लिस्बनला प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात. गोमिश नावेलीचे, जातीने चारडो, पेशाने डॉक्टर, आणि पोर्तुगीज संसदेत गोव्याचे प्रतिनिधी. १८५७ च्या उठावाच्या पार्श्वभूमीवर, फैजाबाद परिसरात घडणारी ही कथा आहे. तिच्यातली कल्पना विलक्षण धारदार आहे: हिंदुस्थानात ब्राह्मण दोन प्रकारचे, एक जन्माने झालेले आणि दुसरे गोऱ्या कातडीने झालेले, आयरिश मळेवाला डेव्हिस आणि ब्राह्मण मॅग्नोद हे एकमेकांचे शत्रू असले तरी विटाळाच्या कल्पनेत सख्खे भाऊ आहेत. 'वर्ण' या शब्दाचे दोन्ही अर्थ एका पात्रसंघर्षात आणून ठेवणारी याआधीची भारतीय कादंबरी मला ठाऊक नाही. मराठीत हरिभाऊ आपट्यांचे लेखनही तेव्हा सुरू झालेले नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे गोमिश यांच्या धाडसाची कल्पना येईल.

तरीही या कादंबरीत एक पळवाट आहे, आणि ती भौगोलिक आहे. कथा फैजाबादला घडते, साष्टीला नव्हे. गोरा ब्राह्मण इंग्रज-आयरिश आहे, पोर्तुगीज नव्हे. ख्रिस्ती धर्म हा बंधुभावाचा धर्म म्हणून उत्तरादाखल पुढे येतो. पण तोच धर्म पाळणाऱ्या साष्टीतल्या एखाद्या चर्चमध्ये पुढच्या बाकावर कोण बसते आणि मागे कोण उभे राहते, हे पाहायला लेखक नावेलीला येत नाही. पोर्तुगीज संसदेत बसून लिहिणाऱ्याला ते परवडणारे नव्हते, असे म्हणता येईल. टीकाकाराने मात्र ही पळवाट पाहून न पाहिल्यासारखे करू नये. कथेत शेवटी क्षमेचा जो विजय होतो तो मला यामुळेच पुस्तकी वाटतो. घरापासून इतक्या लांब जाऊन केलेल्या क्षमेला किंमत कमी पडते.

घरापासून लांब गेल्यावरच घर दिसले, असा उलट अनुभव मराठीत एकाच लेखिकेच्या वाट्याला आला: पंडिता रमाबाई. त्यांच्याकडे आपण समाजसुधारक म्हणून पाहतो, संस्कृतज्ञ म्हणून पाहतो. गोऱ्या ख्रिस्ती जगात वावरणारी काळी ख्रिस्ती स्त्री म्हणून त्यांचे लेखन फारसे वाचत नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत सिस्टर जेराल्डीन, चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील आणि रमाबाई यांच्यात जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. पत्रे इंग्रजीत आहेत, पण त्यांतला झगडा पूर्णपणे इथल्या मातीतला आहे. बाईंनी चेल्टनहॅममध्ये पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, याचा निर्णय हिंदुस्थानातल्या बिशपांनी द्यायचा. आणि कारण काय, तर हिंदुस्थानात गेल्यावर त्यांच्या नावाला कमीपणा येईल! आपल्या देशातील लोकांना काय वाटेल हे या देशातल्या बाईपेक्षा बिशपाला अधिक कळते, या समजुतीवर रमाबाईंनी नेमके बोट ठेवले. एका पुरोहितशाहीतून बाहेर पडलेली मी दुसरीच्या दावणीला जाणार नाही, असे त्यांनी बजावले. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कोरण्याला त्यांनी हरकत घेतली. आपल्या लोकांना न कळणाऱ्या लॅटिनपेक्षा संस्कृत का नको, असा त्यांचा सवाल होता. अंडे घातलेला पदार्थ त्या खात नसत, तर तोही सिस्टरांना जातीचा गर्व वाटला.

येथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. ही पत्रे जमवून त्यांची जुळणी केली ती सिस्टर जेराल्डीन यांनी, आणि आपल्या या शिष्येच्या अहंकाराबद्दलची टिप्पणीही त्यांनी सोबत जोडली. म्हणजे रमाबाईंचा आवाज आपल्यापर्यंत प्रतिपक्षाच्या हातून आला आहे. असे असूनही तो इतका स्पष्ट ऐकू येतो, हेच त्या पत्रांचे वाङ्मयीन सामर्थ्य. पण जेराल्डीनबाईंचा आरोप सर्वस्वी फेकून द्यावा काय? मला तसे वाटत नाही. संस्कृत अक्षरांचा आग्रह हा लॅटिनच्या तुलनेत स्वदेशी खरा; पण वाँटेजला संस्कृत कोणाची भाषा होती आणि या देशातल्या किती ख्रिस्ती लोकांची होती? मातेउस यांचा आरसा येथे क्षणभर रमाबाईंच्या हाती आलेला दिसतो. वर पाहताना त्यांना गोरी अरेरावी लखख दिसते. खालचे अजून दिसत नाही.

फरक असा की रमाबाई तेथे थांबल्या नाहीत. १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मराठीत प्रसिद्ध केले. अमेरिकेच्या कौतुकाने ते ओतप्रोत भरले आहे. त्या कौतुकात भाबडेपणाही बराच आहे. परंतु काळ्या लोकांच्या आणि तेथील मूळ रहिवाशांच्या वाट्याला आलेल्या वागणुकीपाशी आल्यावर बाईंची लेखणी बदलते. गोऱ्यांच्या या तिरस्काराला समजावून सांगण्यासाठी त्यांना मराठी वाचकापुढे दुसरी उपमा शोधावी लागली नाही. आपल्याकडचा जातिद्वेष हाच त्यांचा दाखला. गुलामगिरीतून पळून इतरांनाही सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन यांच्याबद्दलचा त्यांचा आदर या पुस्तकात दिसतो. येथे मराठी गद्यात रंगाचा वर्ण आणि जातीचा वर्ण एकमेकांसमोर उभे केले गेले, आणि लिहिणारी स्वतः एका बाजूने दुखावलेली तर दुसऱ्या बाजूने त्या उतरंडीच्या शिखरावर जन्मलेली होती. मातेउस यांना जे जमले नाही ते रमाबाईंना जमण्याचे एक कारण त्यांचे स्त्रीपण असावे. पुरोहितांच्या घरात जन्मूनही पौरोहित्याच्या बाहेर राहावे लागणाऱ्या माणसाला पायऱ्यांचा खेळ लवकर कळतो.

याचा खरा पुरावा त्यांच्या विचारांपेक्षा त्यांच्या भाषेत मिळतो. केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळग्रस्त, नाना जातींच्या, अक्षरशत्रू स्त्रिया आल्यानंतर त्यांच्यासाठी रमाबाईंनी बायबलचे जे भाषांतर केले, त्यात त्यांनी संस्कृतप्रचुर शब्द हेतुपुरस्सर टाळले. क्रूसावर संस्कृत अक्षरे मागणारी बाई हीच! शास्त्रार्थात काशी-कलकत्त्याचे पंडित जिला मानत होते तिने आपली सर्वांत मोठी मिळकत बाजूला ठेवून सोपे, कधी कधी ओबडधोबड वाटणारे मराठी निवडले. या भाषांतराला वाङ्मयीन सौंदर्य नाही अशी तक्रार केली जाते. तक्रार बरोबर आहे. पण ती करणाऱ्याने ते सौंदर्य कोणत्या किमतीला सोडले गेले याचाही हिशेब मांडावा.

'स्मृतिचित्रे'विषयी मराठीत इतके चांगले लिहिले गेले आहे की मी येथे भर घालण्याचा आव आणीत नाही. आपल्या विषयापुरते एवढेच, की लक्ष्मीबाई टिळकांनी वर्णाविषयी एकही सिद्धान्त मांडलेला नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा व्हायला पाच वर्षे जावी लागली. या काळात ख्रिस्ती नवऱ्याच्या घरी राहून सोवळे सांभाळण्याची जी तारांबळ झाली, वेगळी चूल, वेगळे पाणी, शिवाशिवीची धास्ती, ती त्यांनी हसत हसत सांगितली आहे. आणि हसण्याचा रोख कायम स्वतःवर आहे. पुढे त्याच घरात परजातींची अनाथ मुले वाढली. जात मनातून नव्हे, आधी हातातून आणि तांब्यातून सुटते, हे या पुस्तकाइतके स्वच्छपणे कोठेही दिसत नाही. रेव्हरंड टिळकांना गोऱ्या मिशनऱ्यांच्या वर्चस्वाचा जाच पुढे फार जाणवू लागला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सर्वांसाठी 'देवाचा दरबार' काढला. नवऱ्याचा झगडा वरच्याशी आणि बायकोचा स्वतःच्या स्वयंपाकघराशी: एका घरातल्या या दोन लढाया एकत्र वाचल्याशिवाय मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार पुरा होत नाही.

आतापर्यंत ज्यांची नावे आली ते सगळे, गोमिश आणि पाइश-जाकिश धरूनही, उतरंडीच्या वरच्या भागातले आहेत. हा लेखकाच्या निवडीचा दोष म्हणावा, तर 'क्रिस्तपुराणा'पासूनच त्याची सुरुवात होते. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ च्या त्या महाग्रंथात, जुनी पुराणे बंद केलीत तर त्यांच्या जागी नवे पुराण द्या, अशी मागणी करणारा ख्रिस्ती श्रोता ब्राह्मणच आहे. प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाचा, हे मराठीतील पहिल्या छापील ख्रिस्ती काव्यानेच ठरवून टाकले होते. चर्चच्या मागच्या रांगेतून प्रश्न यायला साडेतीनशेहून अधिक वर्षे लागली. १९८१ मध्ये बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ या महाराष्ट्रातील दलित ख्रिस्ती विद्वानाने शूद्रांच्या ईश्वरशास्त्राची मांडणी केली. तिच्यातूनच पुढे दलित ईश्वरशास्त्र ही विचारधारा उभी राहिली. भारतीय ख्रिस्ती विचारवंत वेदान्ताशी संवाद करण्यात इतके गढून गेले की चर्चमध्ये बहुसंख्य कोण आहेत याचाच त्यांना विसर पडला, हा त्यांचा मुख्य आक्षेप. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी हिंदूंपुरती ठेवली. पुढे १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा तिच्यात समावेश झाला. निर्मळ १९९५ मध्ये वारले तेव्हा दलित ख्रिस्ती त्या यादीबाहेरच होते. कायद्याच्या दृष्टीने त्यांना जात उरली नव्हती. चर्चमध्ये आणि गावात मात्र ती तशीच होती.

निर्मळ यांच्या विवेचनातला सर्वांत प्रभावी भाग वंशावळीचा आहे, आणि म्हणूनच तो फ्रियश यांच्या शेजारी ठेवून वाचावा. आपला पूर्वज भटका अरामी होता, अशी कबुली इस्राएलाने देवापुढे द्यावी, असे अनुवादाच्या पुस्तकात सांगितले आहे. निर्मळ तो उतारा हाती घेतात आणि आपल्या पूर्वजांची कथा त्या जागी ठेवतात: गावाबाहेरचे घर, नाकारलेले पाणी, नाकारलेले देऊळ. फ्रियश यांनी पूर्वज शोधायला बेथलेहेमच्या राजांकडे धाव घेतली होती. निर्मळ यांना पूर्वज शोधावा लागत नाही. गावाबाहेरच्या त्या घरात तो त्यांना माहीतच होता. मातेउस यांच्या प्रबंधाप्रमाणेच त्यांचे हे लेखनही परभाषेत, इंग्रजीत झाले.